आवाज कोणाचा आहे, ते आम्हाला कळू द्या

प्रति,
ॲनिमेशन मालिका बनवणाऱ्या स्टुडिओंचे आणि त्या दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग कंपन्यांचे प्रमुख,

स.न.वि.वि.

मी ॲनिमेशनची जुनी प्रेक्षक आहे. लहानपणी जडलेला हा नाद मोठेपणी सुटला नाही, उलट वाढत गेला, आणि वाढला तो मुख्यतः कानांमुळे. चित्रं आवडायचीच, पण एखादं पात्र मनात घर करायचं ते त्याच्या आवाजाने. पुढे भाग संपल्यावर शेवटची नावं थांबून वाचायची सवय लागली. हे पात्र कोण बोललं? त्या दुसऱ्या मालिकेतली म्हातारी हीच का? असं करता करता कितीतरी कलाकारांशी ओळख झाली. त्यांतले बहुतेक समोर आले तर चेहऱ्यावरून मी ओळखणार नाही. बोलले, तर पहिल्या वाक्याला ओळखेन.

अलीकडे अशाच एका आवडत्या मालिकेकडे परत वळले. सेवेचं नाव इथे घेत नाही, कारण ही चाल एकाच कंपनीची नाही. भाग तेच होते, भाषा तीच होती, आवाज मात्र निराळे. उच्चार स्वच्छ, शब्द बरोबर, आणि तरीही कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रागाची वाक्यं नुसती मोठ्याने म्हटलेली, दुःखाची नुसती सावकाश. ध्वनीच्या पर्यायांत जाऊन पाहिलं, तर तिथे फक्त भाषेचं नाव. हा ध्वनिपट माणसांचा की संगणकाचा, आधीचा डब कुठे गेला, का काढला, याचा कुठेच पत्ता नाही. श्रेयनामावली पाहावी, तर ती सुरू होताच एवढीशी होऊन कोपऱ्यात गेली आणि पुढचा भाग चालू झाला. मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं, पण मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्यात हात घातलेला नव्हता.

त्यावर गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

ज्या गोष्टीला तुम्ही पर्यायांच्या यादीतली एक ओळ मानता, ती कशी तयार होते हे आधी मांडते. तुमच्यातल्या स्टुडिओवाल्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण जिथे असे निर्णय होतात, तिथे ते कुणी बोलून दाखवत असेल असं आजच्या कारभाराकडे पाहून वाटत नाही.

अमेरिकी पद्धतीत बहुतेक वेळा आवाज आधी आणि चित्र नंतर. कलाकार माइकपुढे प्रसंग उभा करतो. मग तो ध्वनी फ्रेमगणिक सोडवून एक्सपोजर शीटवर मांडला जातो. सेकंदाला २४ फ्रेम. त्यांतल्या कोणत्या फ्रेमला ओठ मिटले, कोणत्या फ्रेमला तोंड उघडलं, श्वास कुठे घेतला, सगळं त्यावर येतं. ॲनिमेटर ते पुन्हा पुन्हा ऐकत चित्र काढतो. पात्राची भुवई कधी चढायची, खांदे कधी पडायचे, हे पुष्कळदा कलाकाराच्या बोलण्यावरून ठरतं. १९९२ च्या ‘अलादिन’मधला जिनी हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. रॉबिन विल्यम्स माइकपुढे मनाला येईल तसे बोलत सुटले आणि एरिक गोल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बोलण्यातून जिनीचा देह घडवला.

जपानमध्ये बहुधा उलटी वाट. चित्र, निदान कच्चं चित्र, आधी; आवाज मागाहून. कलाकार एका खोलीत बसतात, समोर पडदा आणि मोजके माइक. आपली ओळ जवळ आली की उठायचं, माइकशी जायचं, संवाद म्हणायचा आणि पुढच्याला वाट करून द्यायची. हातातल्या संहितेचं पान उलटताना कागदसुद्धा वाजता कामा नये. (१९८८ चा ‘अकिरा’ हा तिथला गाजलेला अपवाद. त्यात संवाद आधी मुद्रित केले आणि ओठांची चित्रं त्यांवर बेतली.)

आणि मग डबिंग. या सगळ्यात कमी मान त्याला आणि माझ्या मते सर्वांत जास्त अडचणी त्यात. ओठ आधीच काढून झालेले असतात. मूळ वाक्य दोन सेकंदांत संपतं, तेच आपल्या भाषेत म्हणायला तीन लागतात. पात्राचे ओठ मिटलेले दिसले की तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी यायलाच हवं, नाहीतर डोळ्यांना खुपतं. अर्थ, लांबी आणि ओठ या तिघांचं जमवून संवादलेखक वाक्य बांधतो. फ्रान्समध्ये त्यासाठी चित्राखालून सरकणारी पट्टी वापरतात. तिच्यावर संवाद लिहिलेला असतो, आणि जो शब्द ताणायचा तो अक्षरांतही ताणलेला. कलाकार ती वाचत वाचत अभिनय करतो. इतर ठिकाणी कानात तीन बीप वाजतात आणि चौथ्या ठोक्याला बोलायचं असतं. प्रसंग तसा असेल तर त्या चौथ्या ठोक्याला रडायचंही असतं. तेही पुष्कळदा एकट्याने, कारण समोरच्या पात्राचा कलाकार दुसऱ्या दिवशी येणार असतो.

मारामारीचे आवाज तर वेगळंच प्रकरण. किंचाळणं, धाप, मार खाणं, गुदमरणं, उंचावरून पडणं, यांचे तुकडे एकामागून एक मुद्रित होतात. घसा फाटतो. अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने २०१६-१७ मध्ये व्हिडिओ गेमच्या कंपन्यांविरुद्ध संप केला, तेव्हा घशावर पडणारा हा ताण हाही त्यातला एक मुद्दा होता.

आता मला या कलेत काय दिसतं, ते सांगते. ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ १९९२ मध्ये सुरू झाली. केविन कॉनरॉय यांनी तिच्यात ब्रूस वेन आणि बॅटमॅन यांना दोन निराळे आवाज दिले. मुखवटा चढला की आवाज खोल उतरतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा खोल आवाज म्हणजे सोंग, गुन्हेगारांना घाबरवण्यासाठी काढलेला. मालिका पुढे सरकते तसं ध्यानात येतं की हा माणूस खोटं बोलतो ते मुखवटा नसताना. सोंग आहे ते ब्रूस वेनच्या हसऱ्या, मोकळ्या, श्रीमंती बोलण्यात. हे कुणी संवादात लिहून ठेवलेलं नाही. एका माणसाने ते नुसत्या आवाजातून आपल्यापर्यंत पोहोचवलं. आवाजांच्या दिग्दर्शक अँड्रिया रोमानो कलाकारांना शक्यतो एकत्र बसवून मुद्रण करत. म्हणून कॉनरॉय आणि जोकर झालेले मार्क हॅमिल यांच्या प्रसंगांत एकाचं वाक्य दुसऱ्याच्या अंगावर जातं, दुसरा ते झेलून परत फेकतो. कॉनरॉय २०२२ मध्ये गेले. त्यांचा बॅटमॅन मी आजही डोळे मिटून ऐकू शकते.

मासाको नोझावा १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू याचा जपानी आवाज आहेत. गोकू मोठा झाला, बाप झाला, आणि त्याची मुलं गोहान आणि गोतेन हीही त्यांनीच केली. एकाच प्रसंगात बाप बोलतो, लेक उत्तर देतो, दोन्हीकडे त्याच; पण कोण बोलतंय याची ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. नॅन्सी कार्टराइट ‘द सिम्प्सन्स’साठी आवाजाची चाचणी द्यायला गेल्या त्या लिसाच्या भूमिकेसाठी. तिथे बार्टचं वर्णन वाचलं आणि त्यांनी तीच भूमिका मागून घेतली. दहा वर्षांचा तो वांड पोरगा तेव्हापासून एका प्रौढ स्त्रीच्या गळ्यातून बोलतो आहे. आणि १९६५ च्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’मध्ये मुलांसाठी खरीखुरी मुलंच घेतली. त्यांतली काही इतकी लहान की वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडून एकेक तुकडा सांगून म्हणवून घ्यावा लागला. त्या अडखळत, तुटत आलेल्या बोलण्यात त्या कार्यक्रमाचा सगळा गोडवा आहे. यंत्राला तो दोष वाटेल आणि ते तो पुसून टाकेल.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार नावांची. हा अन्याय जुना आहे, म्हणूनच तो पुन्हा होताना पाहवत नाही. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये आवाज देणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव पडद्यावर नव्हतं. ज्या ॲड्रियाना कॅसेलोटी यांच्या आवाजात ती नायिका बोलली आणि गायली, त्यांचंसुद्धा नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनांत बग्स बनीचा आवाज असलेल्या मेल ब्लँक यांना १९४० च्या दशकात नाव मिळालं. पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली आणि तिच्या बदल्यात नाव पदरात पडलं, असं ते सांगत. पण त्याच कार्टूनांत एल्मर फडचा आवाज होते आर्थर क्यू. ब्रायन. बग्स बनीच्या जोडीने एल्मर जगभर पोहोचला आणि ब्रायन यांचं नाव बहुतेक कार्टूनांत आलंच नाही. कित्येक प्रेक्षकांनी जन्मभर असं धरून चालवलं की एल्मरही ब्लँक यांचाच. जून फोरे यांचीही कितीतरी कामं त्या काळात अशीच नावाविना गेली. पुढे त्यांनीच ॲनिमेशनसाठी ॲनी पुरस्कार सुरू केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा सगळा झगडा झाल्यावर आज परिस्थिती काय आहे? नाव असतं, पण ते वाचायला तुम्ही वेळ देत नाही. पुढचा भाग सुरू होण्याची उलटी मोजणी श्रेयनामावलीच्या छातीवर बसलेली असते. मूळ मालिकेच्या कलाकारांचं निदान नाव तरी पटावर असतं. डबच्या कलाकारांचं काय? चित्रासोबत येणारी नामावली मूळ भाषेतली, तिच्यात मूळ कलाकार. डब करणाऱ्यांसाठी वेगळी पाटी जोडावी लागते, आणि पुष्कळदा ती जोडलेलीच नसते. मालिकेच्या पानावर कलाकारांची यादी उघडावी तर तिथेही मूळ भाषेचीच नावं. मी ज्या आवाजाने हसले, रडले, त्या माणसाचं नाव मला तुमच्या सेवेवर मिळत नाही. ते चाहत्यांनी स्वतः खपून बनवलेल्या याद्यांमधून शोधावं लागतं. एवढ्या कष्टाने केलेल्या कामाचा कर्ता कोण, हे चाहत्यांनी कानांनी ताडून ठरवायचं, ही स्थिती तुम्हाला शोभत नाही.

दुसरी तक्रार यंत्राची, आणि ती मला सर्वांत जास्त छळते.

२०२५ च्या अखेरीस ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर ‘बनाना फिश’सारख्या जपानी मालिकांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला इंग्रजी डब जोडला गेला. प्रेक्षक आणि कलाकार दोघेही संतापले आणि थोड्याच दिवसांत तो काढावा लागला. ‘बनाना फिश’ ही हिंसा, शोषण आणि दोन मुलांमधल्या अत्यंत नाजूक जिव्हाळ्याची गोष्ट आहे. तिला तसा सपाट आवाज लावावा हे कुणाला सुचलं, याहीपेक्षा तो लावण्याआधी कुणीच अडवलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यावर किमान ‘एआय’ अशी खूण तरी होती. ती खूणही नसेल तेव्हा आम्ही काय करायचं?

यातला मूळ प्रश्न तंत्रज्ञानाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचं उदाहरण पुन्हा ‘अलादिन’च आहे. विल्यम्स यांनी ते काम किमान मानधनावर केलं. अट घातली की आपला आवाज वस्तू विकण्यासाठी वापरायचा नाही. तो तसा वापरला गेला. ते दुखावले, दूर झाले, आणि १९९४ च्या दुसऱ्या भागात जिनी डॅन कॅस्टेलानेटा यांच्या आवाजात बोलला. स्टुडिओने जाहीर माफी मागितल्यावरच विल्यम्स १९९६ च्या तिसऱ्या भागासाठी परतले. यंत्राचा कुठेही संबंध नसताना एका कलाकाराने सांगितलं होतं की माझा आवाज कुठे वापरायचा ते मी ठरवीन, आणि एवढ्या मोठ्या स्टुडिओला अखेर ते मान्य करावं लागलं. आपल्या ट्रस्टच्या कागदपत्रांतही त्यांनी मृत्यूनंतर आपलं नाव आणि प्रतिमा वापरण्यावर २५ वर्षांची बंदी घालून ठेवली. ज्यांचं नाव एवढं मोठं नाही, ज्यांच्या मागे वकील नाही, त्या डबिंगच्या कलाकाराला हाच हक्क का नसावा?

विचारून केलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. जेम्स अर्ल जोन्स यांनी वय झाल्यावर आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरचा आवाज यंत्राने तयार करायला स्वतः संमती दिली आणि २०२२ च्या ‘ओबी-वान केनोबी’मध्ये तो वापरला गेला. मला तो निर्णय पूर्णपणे पटला असं नाही. पण निर्णय त्यांचा होता, आणि हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कलाकार हे सगळं सांगून थकले आहेत. जुलै २०२४ मध्ये सॅग-आफ्ट्राच्या व्हिडिओ गेममधल्या कलाकारांनी पुन्हा संप केला. या वेळी मुख्य मुद्दा आवाजाच्या डिजिटल प्रतिकृतीचा होता, आणि जवळजवळ वर्षभर त्यांनी कामं नाकारली. त्याच वर्षी जपानमध्ये २६ आवाज-कलाकारांनी एकत्र येऊन परवानगीशिवाय आवाज बनवण्याविरुद्ध मोहीम उघडली. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२४ मध्ये कायदा करून माणसाच्या आवाजाला संरक्षण दिलं. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी असं ठरवलं की डिजिटल प्रतिकृती कशासाठी वापरणार हे स्पष्ट न सांगता घुसडलेलं करारातलं कलम, कलाकाराला नीट सल्ला मिळालेला नसेल तर, लागू होणार नाही. कायदे हळूहळू मार्गी लागत आहेत. तुम्ही मात्र जिथे कायदा नाही तिथे मोकळं रान समजून वागता आहात, असं आम्हाला दिसतं. जुन्या करारांतल्या ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ अशा मोघम वाक्यांवर बोट ठेवून कुणाच्या गळ्याची नक्कल करू नका. ती सही करताना त्या माणसाच्या स्वप्नातही हे नव्हतं.

तुमचा युक्तिवाद मला माहीत आहे: ज्या मालिकांना डब परवडत नाही, त्यांना यंत्रामुळे निदान दुसरी भाषा तरी मिळते. याचा मी नीट विचार केला. डबची खरी गरज कुणाला असते? ज्यांना उपशीर्षकं वाचता येत नाहीत त्यांना. लहान मुलांना, अंध आणि अधू दृष्टीच्या प्रेक्षकांना, अक्षरओळख नसलेल्या मोठ्यांना. माझ्यासारखी प्रेक्षक डब आवडला नाही तर मूळ भाषा लावून खाली वाचत बसेल. त्यांच्यापुढे तो मार्ग नाही. म्हणजे ज्यांचं सगळं कानावर अवलंबून आहे, नेमकं त्यांच्याच कानांत तुम्ही सर्वांत निर्जीव काम घालणार. लहान मूल राग, भीती, माया कशी ऐकू येते हे या मालिकांतूनही शिकत असतं. त्याच्या वाट्याला खरी माणसं यायला हवीत.

यंत्र नकोच असं मी म्हणत नाही. जुन्या टेपवरची खरखर काढायला, हरवत चाललेले संवाद वाचवायला ते जरूर वापरा. अभिनयाची जागा त्याला देऊ नका.

तिसरी तक्रार: जुने डब नाहीसे होतात. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘निऑन जेनेसिस इव्हान्गेलियन’ ही जपानी मालिका आली ती नव्या इंग्रजी डबसह, नव्या कलाकारांसह. १९९० च्या दशकापासून लोकांनी जो डब जपला होता, तो तिथे नव्हताच. नवा डब वाईट होता असं माझं म्हणणं नाही. दोन्ही ठेवता आले असते. २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने ‘इन्फिनिटी ट्रेन’सह अनेक ॲनिमेशन मालिका आपल्या सेवेवरून काढल्या. २०२४ मध्ये फनिमेशन ही जपानी ॲनिमेशनची स्ट्रीमिंग सेवा बंद करून क्रंचीरोल या दुसऱ्या सेवेत सामावली, तेव्हा ग्राहकांकडे असलेल्या डिजिटल प्रती पुढे गेल्याच नाहीत. मालिकेचं चित्र कुठे ना कुठे सापडतं. डबचा ध्वनिपट हा मात्र बहुतेक वेळा एखाद्या वितरकाकडे असलेली एकुलती प्रत असते, आणि वितरणाचा करार संपला की तिला वाली उरत नाही. वर्षानुवर्षांचा अभिनय असा कपाटात कुजतो.

आवाज बदलावे लागतात, हे आम्हाला समजतं. माणसं म्हातारी होतात, आजारी पडतात, जातात. प्रेमाने केलेला बदल आम्ही स्वीकारतो, आणि तो कसा करायचा हे तुमच्याच क्षेत्राने दाखवलं आहे. १९६१ मध्ये मेल ब्लँक मोटार अपघातात मरता मरता वाचले. ‘द फ्लिंटस्टोन्स’मधल्या बार्नीचे काही भाग तेवढ्यापुरते डॉज बटलर यांनी सांभाळले, आणि मग ब्लँक यांच्या खाटेवर माइक टांगून, सहकाऱ्यांना भोवती जमवून मुद्रण सुरू झालं. ‘द सिम्प्सन्स’मधल्या शिक्षिका एडना क्रबापल यांचा आवाज असलेल्या मार्सिया वॉलेस २०१३ मध्ये गेल्या, तेव्हा त्या पात्रालाच मानाने निरोप दिला गेला. जपानमध्ये नोबुयो ओयामा १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉन होत्या. त्या वर्षी सगळा मुख्य संचच एकदम बदलला आणि तो बदल उघडपणे, सांगून केला गेला.

आणि ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मधला आयरो. माको यांनी तो म्हातारा काका बोलला. गमावलेल्या मुलासाठी तो टेकडीवर एकटा बसून गाणं म्हणतो आणि गाता गाता गळा दाटतो, तो प्रसंग असलेला भाग माको यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे, कारण २००६ मध्ये, मालिका चालू असतानाच ते गेले. पुढच्या पर्वात ग्रेग बाल्डविन यांनी आयरो केला. त्यांनी माको यांची ढब इतक्या आदराने उचलली की आयरो आमच्यापासून तुटला नाही. २०१७ मध्ये ‘सामुराई जॅक’ ही मालिका परतली, तेव्हा तिच्यात माको यांनी आवाज दिलेल्या अकू या खलनायकाचीही जबाबदारी बाल्डविन यांनीच घेतली. एका माणसाने दुसऱ्याचा वारसा ऐकून, अभ्यासून पुढे नेला, आणि दोघांचीही नावं आम्हाला ठाऊक आहेत. याला मी योग्य बदल म्हणते.

नामवंत सिनेकलाकारांना आवाजासाठी घेण्याबद्दल थोडक्यात लिहिते. विल्यम्स यांच्यासारखं काम करणारा कुणीही आला तर स्वागतच आहे. पण केवळ जाहिरातीवर चेहरा झळकावा म्हणून, ज्यांनी वर्षानुवर्षं ते पात्र घडवलं त्यांना बाजूला सारू नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक मालिकेच्या पानावर, प्रत्येक भाषेच्या डबसमोर त्या भाषेतले कलाकार, संवादलेखक आणि डबिंग दिग्दर्शक यांची नावं द्या. मी भाषा बदलली की यादीही बदलली पाहिजे. श्रेयनामावली आपोआप आकसू देऊ नका. पुढे जायचं असेल तो प्रेक्षक स्वतः बटण दाबेल.

जो ध्वनिपट पूर्णपणे किंवा अंशतः यंत्राने बनवला आहे, त्याच्यापुढे तसं ठळक लिहा. प्रेक्षकाने निवडल्याशिवाय तो कधीही लागू नये. आणि माणसांनी केलेला डब असताना त्याच्या जागी तो आणणं आजपासून थांबवा.

कलाकाराच्या आवाजाची प्रतिकृती करायची असेल, किंवा यंत्र शिकवायला त्याची मुद्रणं वापरायची असतील, तर प्रत्येक वापरासाठी वेगळी, लेखी, स्पष्ट संमती घ्या आणि वेगळं मानधन द्या. कलाकाराने नाही म्हटलं तर त्याचं पुढचं काम अडता कामा नये. कलाकार हयात नसेल तर वारसांना विचारा. आणि जिवंतपणी त्याने नकार देऊन ठेवला असेल तर कुणालाही विचारू नका.

जुने डब काढण्यापूर्वी प्रेक्षकांना पूर्वसूचना द्या. करार संपल्यावर ध्वनिपटाची चांगली प्रत मूळ निर्मात्याकडे आणि एखाद्या सार्वजनिक चित्रपट-संग्रहालयात जमा होईल, अशी तरतूद नव्या करारांत करा. एकाच भाषेचे दोन डब असतील तर दोन्ही उपलब्ध ठेवा. पर्यायांच्या यादीत आणखी एक ओळ मावते.

घशावर ताण आणणाऱ्या मुद्रणाचे तास मर्यादित ठेवा, आणि ही मर्यादा डबिंगच्या स्टुडिओंनाही लागू करा. तिथे संघटना बहुधा दुबळी असते आणि कलाकार बोलायला कचरतो.

यांतलं काहीच अशक्य नाही. नावं देण्यासाठी नवं यंत्र लागत नाही, खूण लावायलाही नाही. संमती मागायला फक्त विचारावं लागतं.

या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको. कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे प्रत्येक कंपनीने जाहीरपणे सांगावं. तोवर, ज्या ध्वनिपटावर कलाकारांची नावं नसतील तो मी लावणार नाही, मुलांनाही ऐकवणार नाही, आणि सदस्यत्वाच्या नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा सर्वांत आधी डबच्या कलाकारांची यादी उघडून पाहीन. माझ्यासारखे जे जे ऐकणारे आहेत, त्यांनाही मी हेच करायला सांगते आहे.

आपली,
ॲनिमेशनची एक प्रेक्षक